छोटूच्या दातातला किडा

रात्रीचे साडेबारा वाजले होते. चिखलीतल्या आमच्या इमारतीत सामसूम होती. दुसऱ्या पाळीहून परतलेल्या कुणाची तरी मोटारसायकल फाटकातून आत आली, तेवढाच काय तो आवाज. आणि तेवढ्यात वरच्या मजल्यावरून रडणं ऐकू आलं. आवाज मी लगेच ओळखला. माझ्या बहिणीचा धाकटा, छोटू!

मी धावत वर गेले. साडेचार वर्षांचा छोटू गालावर हात धरून गादीत बसला होता. आज्जी लवंग शोधत होती, बहीण त्याला थोपटत होती, आणि सहावीत शिकणारी त्याची ताई डोळे चोळत दारात उभी होती. बॅटरी लावून पाहिलं, तर खालच्या दाढेला हा एवढा काळा खड्डा!

‘‘दात किडलाय गं याचा,’’ आज्जी म्हणाली. ‘‘चांगला मोठा किडा लागलाय.’’

हे वाक्य ऐकून छोटूने तोंड गपकन मिटलं. तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही, पण मुलांनो, सगळी गडबड याच वाक्याने केली होती. कशी, ते पुढे सांगतेच.

दुर्गा टेकडीला निघालो, आणि...

दुसऱ्या दिवशी सकाळी छोटूला सांगितलं, ‘‘चल, दुर्गा टेकडीवर जाऊ या. झोके, घसरगुंडी, मजा!’’ निगडीची दुर्गा टेकडी म्हणजे छोटूचा जीव की प्राण. बूट घालून तो सगळ्यांच्या आधी तयार. पण रिक्षा थांबली ती दातांच्या दवाखान्यासमोर.

दवाखान्यात पाऊल टाकताच औषधांचा वास आला. आतल्या खोलीतून ‘घूंऽऽ’ असा आवाज ऐकू आला. छोटूने एकदा आईकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि भोकाड पसरलं. मग आम्ही चार मोठी माणसं त्याला समजवायला लागलो. आज्जी म्हणाली, ‘‘गप्प बस, नाहीतर डॉक्टर मोठी सुई टोचतील.’’ पप्पा म्हणाले, ‘‘मुलगा असून रडतोस? शी!’’ आई म्हणाली, ‘‘काहीसुद्धा दुखणार नाही, बघ तू.’’ आणि मी, शहाणी मावशी, म्हणाले, ‘‘रडला नाहीस तर मोठं चॉकलेट देईन.’’

दात किडला म्हणून दवाखान्यात आणलेल्या मुलाला चॉकलेटचं आमिष! आज आठवलं की हसू येतं. तेव्हा मात्र कुणालाच हसू येत नव्हतं. छोटू खुर्चीत बसेना. उचलून बसवला तर तोंड उघडेना. पप्पांनी हात धरले तर पाय झाडायला लागला.

डॉक्टरबाईंनी आम्हाला थांबवलं. छोटूला आईच्या मांडीवर बसू दिलं. गालाला सूज आहे का, अंगात ताप आहे का, ते पाहिलं. दोन्ही नव्हतं. मग त्याचं वजन करून दुखणं थांबवायचं औषध लिहून दिलं आणि म्हणाल्या, ‘‘आज एवढंच. गालावर सूज आली किंवा ताप आला तर अजिबात थांबू नका, लगेच या. नाहीतर चार दिवसांनी या. तोवर दोन गोष्टी करा. याला घाबरवू नका, आणि याच्याशी खोटं बोलू नका.’’

परत येताना रिक्षात कुणीच बोललं नाही. छोटू फक्त एवढंच म्हणाला, ‘‘दुर्गा टेकडी खोटी होती.’’

‘‘ताई, तो केवढा असतो गं?’’

त्या संध्याकाळी जे आम्हा चार मोठ्यांना जमलं नाही, ते सहावीतल्या ताईने केलं. ती छोटूजवळ जाऊन बसली आणि तिने त्याला सरळ विचारलं, ‘‘तुला नक्की कशाची भीती वाटते रे?’’

छोटू बराच वेळ गप्प होता. मग तिच्या कानाशी जाऊन म्हणाला, ‘‘ताई, तो किडा केवढा असतो गं?’’

‘‘कुठला किडा?’’

‘‘माझ्या दातातला. आज्जी म्हणाली ना, मोठा आहे म्हणून. डॉक्टर त्याला बाहेर काढायला गेले आणि तो माझ्या घशात पळाला तर?’’

बघा! आम्हाला वाटत होतं की छोटू सुईला घाबरतो, आवाजाला घाबरतो, डॉक्टरांना घाबरतो. आणि तो बिचारा रात्रभर तोंडात एक जिवंत किडा घेऊन झोपला होता! तोंड उघडलं तर किडा पळेल, म्हणून त्याने तोंड घट्ट मिटलं होतं.

आपण सगळेच सहज म्हणतो, ‘दात किडला’. भाजीतली अळी, धान्यातला किडा छोटूने पाहिलेला आहे. मग दात ‘किडला’ म्हणजे त्यात किडा आहे, असं त्याला वाटलं तर त्याचं काय चुकलं?

आणि गंमत म्हणजे, छोटू काही एकटा नाही. हजारो वर्षं मोठमोठ्या माणसांनाही असंच वाटत होतं. दातात अळी शिरते आणि ती दात पोखरते, अशी समजूत प्राचीन बाबिलोनपासून कितीतरी देशांत होती. फ्रान्समध्ये पिएर फोशार नावाचे दातांचे डॉक्टर होऊन गेले. १७२८ साली त्यांनी दातांवर एक मोठा ग्रंथ लिहिला. ही अळी आपल्याला काही दिसली नाही, असं त्यांनी म्हटलं आणि साखरेकडे बोट दाखवलं!

मग दात किडतो कसा?

आपल्या तोंडात जंतू असतात. ते इतके लहान की नुसत्या डोळ्यांनी दिसतच नाहीत. त्यांना हात नाहीत, पाय नाहीत आणि चावायला दातही नाहीत. आपण गोड किंवा पिठूळ पदार्थ खाल्ला की दातांना चिकटून राहिलेल्या कणांवर हे जंतू ताव मारतात आणि आम्ल तयार करतात. हे आम्ल दाताच्या कठीण आवरणातले क्षार विरघळवतं. लिंबाचा रस शहाबादी फरशीवर सांडला तर डाग पडतो ना, तसंच काहीसं. रोज रोज असं झालं की आधी पांढरा डाग, मग तपकिरी, मग खड्डा. खड्डा आतल्या नसेपर्यंत पोचला की रात्री साडेबारा वाजता घर जागं होतं!

एकदा गोड खाल्लं की पुढची साधारण वीस ते तीस मिनिटं आम्लाचा मारा चालू राहतो. मग आपली लाळ हळूहळू सगळं पूर्वपदावर आणते. म्हणजे जेवणानंतर एकदाच जिलबी खाल्ली, तर मारा एकदाच. पण तीच जिलबी दिवसभर येता-जाता तुकडा तुकडा तोंडात टाकली, तर मारा दहा वेळा! म्हणून ‘किती गोड खाल्लं’ याइतकंच ‘किती वेळा खाल्लं’ हेही महत्त्वाचं. चहात बुडवलेलं बिस्कीट, चिकट टॉफी, आणि रात्री तोंडात दुधाची बाटली धरून झोपायची सवय, हे तिघे लहान मुलांच्या दातांचे मोठे शत्रू. झोपेत लाळ कमी सुटते, त्यामुळे गोड दूध रात्रभर दातांवरच राहतं. आमच्या छोटूची बाटली तीन वर्षांचा होईपर्यंत सुटली नव्हती. त्या काळ्या खड्ड्याची सुरुवात बहुधा तिथेच झाली असावी.

ताईने हे सगळं छोटूला चार वाक्यांत सांगितलं. ‘‘किडा-बिडा काही नाही. साखर चिकटून चिकटून दाताला खड्डा पडलाय. आपल्या रस्त्याला पावसाळ्यात पडतो ना, तसा. डॉक्टर तो साफ करणार आणि बुजवणार.’’

छोटूने तोंड उघडलं. ‘‘दाखव,’’ म्हणाला. ताईने आरसा धरला, बॅटरी लावली. त्याने स्वतःच्या डोळ्यांनी खड्डा पाहिला. त्यात किडा नव्हता. अर्धी भीती तिथेच संपली.

दवाखाना-दवाखाना

दुसऱ्या दिवसापासून घरात नवा खेळ सुरू झाला. पुढच्या खोलीतली टेकायची खुर्ची झाली डॉक्टरांची खुर्ची. हातात चमचा, छोटा आरसा आणि बॅटरी. पहिला पेशंट होता छोटूचा कापडी हत्ती. दुसरी पेशंट ताई. छोटू स्वतः डॉक्टर!

‘‘आ करा. मोठा आ! एक, दोन, तीन...’’ छोटूला वीसपर्यंत आकडे येत होते, आणि दुधाचे दातही बरोबर वीस. हिशेब अगदी जमला. मग पेशंट बदलले. छोटू खुर्चीत आणि ताई डॉक्टर. ताई प्रत्येक गोष्ट आधी सांगायची, मग दाखवायची, मग करायची. ‘‘हा चमचा आहे. बघ, तुझ्या नखावर टेकवते. गार लागला? आता दाताला टेकवते.’’

ताईला ठाऊक नव्हतं, पण ती जे करत होती तीच मुलांच्या दंतवैद्यांची सगळ्यांत जुनी आणि भरवशाची युक्ती आहे. ‘सांगा, दाखवा, करा’ असंच तिचं नाव. अमेरिकेतल्या अॅडलस्टन नावाच्या डॉक्टरांनी १९५९ साली ती लिहून ठेवली, आणि आज जगभर मुलांचे दंतवैद्य ती वापरतात. न पाहिलेल्या गोष्टीची भीती वाटते, पाहिलेली गोष्ट ओळखीची होते. इतकी साधी गोष्ट!

खेळात ताईने आणखी एक नियम ठेवला होता. छोटूने डावा हात वर केला की डॉक्टरांनी थांबायचं. लगेच. का, कशाला विचारायचं नाही. पहिल्या दिवशी छोटूने किमान पंधरा वेळा हात वर केला, निव्वळ ताई खरंच थांबते का ते पाहायला! ती दर वेळी थांबली. तिसऱ्या दिवशी त्याने एकदाच हात वर केला, तोही पाणी प्यायला. थांबवणं आपल्या हातात आहे याची खात्री पटली की थांबवायची गरजच कमी लागते.

पप्पांचा कंप्रेसर

राहिला होता तो ‘घूंऽऽ’ आवाज. ते काम पप्पांनी केलं. छोटूचे पप्पा भोसरी एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये मशीनवर काम करतात. रविवारी ते छोटूला म्हणाले, ‘‘अरे, डॉक्टरबाईंचं ते यंत्र म्हणजे आमच्या शॉपमधल्या मशीनचं पिल्लू आहे.’’

आणि ते खरंच आहे बरं का! आमच्या या पट्ट्यात, चिखली, तळवडे, भोसरी, चाकण, जिथे जाल तिथे कंप्रेसर धडधडत असतो. दाबलेल्या हवेवर नट आवळले जातात, मशीनवरचा कचरा उडवला जातो. दातांच्या दवाखान्यातही असाच एक लहानसा कंप्रेसर असतो. त्याची हवा नळीतून येते आणि डॉक्टरांच्या हातातल्या यंत्राच्या टोकाशी असलेलं इवलंसं चक्र फिरवते. १९५७ साली अमेरिकेतल्या जॉन बॉर्डन यांनी असं हवेवर चालणारं यंत्र बाजारात आणलं. आजची यंत्रं मिनिटाला तीन-चार लाख फेरे मारतात. एवढ्या वेगामुळेच ती बारीक शिट्टीसारखी वाजतात. म्हणजे आवाज दुखण्याचा नाही, वेगाचा आहे.

‘‘आमच्याकडे ड्रिल चालू असताना वर कूलंट सोडतात, नाहीतर लोखंड तापतं,’’ पप्पा सांगत होते. ‘‘डॉक्टरही दातावर पाण्याचा फवारा सोडतात, म्हणजे दात तापत नाही. आणि ते पाणी तोंडात साठू नये म्हणून एक नळी ते ओढून घेते. सुर्र!’’

छोटूने गंभीरपणे विचारलं, ‘‘डॉक्टरबाई कुठल्या पाळीला असतात?’’

जाता जाता एक जुनी गोष्ट सांगते. दाताला भोक पाडून दुरुस्त करणं हे काही साहेबाचं नवं खूळ नाही. आज पाकिस्तानात असलेल्या बलुचिस्तानातल्या मेहरगढ इथे संशोधकांना नऊ माणसांच्या एकूण अकरा दाढांना मुद्दाम पाडलेली भोकं सापडली. ती साडेसात ते नऊ हजार वर्षांपूर्वीची आहेत! २००६ साली ही बातमी जगभर गाजली. त्या लोकांची ड्रिलं गारगोटीसारख्या दगडाची होती. आणि दात बधिर करायचं औषध? ते तेव्हा कुठून असणार! आज दंतवैद्य सर्रास वापरतात ते लिडोकेन हे औषध १९४३ साली स्वीडनमध्ये तयार झालं. तेव्हा छोटू काय, आपण सगळेच नशीबवान.

पुन्हा दवाखान्यात

चार दिवसांनी पुन्हा गेलो. या वेळी सकाळी, छोटूची झोप पुरी झाल्यावर, हलकं खाऊन. आणि खरं सांगून. ‘‘आज दातांच्या डॉक्टरांकडे जायचं. त्या दात मोजतील आणि खड्ड्याचा फोटो काढतील.’’ एवढंच. आज्जी आणि मी मुद्दाम घरी थांबलो. आई आणि ताई, दोघीच गेल्या.

त्या दिवशी डॉक्टरबाईंनी खरंच तेवढंच केलं. खुर्ची वर-खाली करून दाखवली. पाण्याचा फवारा हातावर उडवून दाखवला. ताई आधी खुर्चीत बसली, तिचे दात मोजले. मग छोटू बसला. एक्स-रे काढला. संपलं! छोटू घरी आला तो सांगतच, ‘‘मावशी, माझे पण वीस आहेत! डॉक्टरबाईंना पण वीसपर्यंत येतात!’’

खरी परीक्षा तिसऱ्या खेपेला होती. खड्डा नसेपर्यंत पोचला होता. दाढेच्या आतला खराब भाग काढून, पोकळी साफ करून औषध भरायचं होतं. मोठ्या माणसांच्या रूट कॅनालचाच हा लहान भाऊ म्हणा ना. त्यासाठी इंजेक्शन लागणार होतं. ‘‘दुखेल का?’’ छोटूने विचारलं. या वेळी आई ‘नाही’ म्हणाली नाही. म्हणाली, ‘‘मुंगी चावल्यासारखं थोडंसं. तू दहा आकडे मोजेपर्यंत. मग दाढ झोपेल.’’

डॉक्टरबाईंनी आधी हिरडीला बधिर करणारं जेल लावलं. इंजेक्शनच्या वेळी छोटू रडला. हो, रडला! डोळ्यांतून पाणी आलं, आईचा हात घट्ट धरला. पण त्याने तोंड मिटलं नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, ‘‘रडलं तरी चालतं रे, फक्त हलू नकोस.’’ सातव्या आकड्याला रडणं थांबलं. मग दाताला रबराचा ‘रेनकोट’ घातला, म्हणजे पाणी नि औषध घशात जात नाही. मध्ये दोनदा छोटूने हात वर केला, दोन्ही वेळा डॉक्टरबाई थांबल्या. आठवड्याने पुढच्या खेपेला दाढेवर टोपी बसवली. लखलखीत, स्टेनलेस स्टीलची! दुधाच्या दाढांवर अशा टोप्या १९५० च्या दशकापासून बसवतात. दाढ पडायची वेळ आली की ती टोपीसकट पडते.

पप्पांनी ती टोपी निरखून पाहिली आणि म्हणाले, ‘‘फिनिशिंग एक नंबर!’’ त्यानंतर दोन दिवस आमच्या इमारतीत एकही माणूस असा उरला नाही, ज्याला छोटूने आपली स्टीलची दाढ दाखवली नाही.

दुधाचे दात पडणारच, मग एवढा खटाटोप कशाला?

हा प्रश्न आमच्या शेजारच्या काकूंनी विचारला, आणि पुष्कळ घरांत तो विचारला जातो. त्याचं उत्तर नीट वाचा.

पहिला दुधाचा दात साधारण सहाव्या महिन्यात येतो. अडीच-तीन वर्षांपर्यंत वीसच्या वीस दात आलेले असतात. सहाव्या वर्षाच्या सुमारास पुढचे दात पडायला लागतात हे खरं, पण मागच्या दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत कामावर असतात. छोटूची दाढ काढून टाकली असती, तर पुढची सहा-सात वर्षं तिथे खिंडार राहिलं असतं. शेजारचे दात त्या जागेत सरकतात, आणि खालून येणाऱ्या कायमच्या दाताला जागा उरत नाही. मग तो वाकडा येतो. दुधाचा दात म्हणजे कायमच्या दातासाठी बाकावर रुमाल टाकून ठेवलेली जागा! शिवाय दुधाच्या दाताखालीच पक्का दात तयार होत असतो. वर पू झाला तर खालच्या दातालाही इजा होऊ शकते.

आणि आई-बाबांनो, एक गोष्ट हमखास नजरेतून सुटते. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. तिच्यासाठी कुठलाही दात पडत नाही, म्हणून सगळे तिला दुधाचीच समजतात. ती कायमची असते, म्हाताऱपणापर्यंत साथ देणारी. ‘पडेल की’ म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष करू नका.

ताई-दादांनो, हे तुम्हीच करू शकता

घरात धाकटं भावंडं असेल, तर आई-बाबांच्या दहा वाक्यांपेक्षा तुमचं एक वाक्य त्याला जास्त पटतं. म्हणून :

- दवाखान्याच्या भयंकर गोष्टी रंगवून सांगू नका. गंमत म्हणूनसुद्धा नको.
- ‘घाबरू नकोस’ म्हणण्याऐवजी ‘कशाची भीती वाटते?’ असं विचारा. उत्तर ऐकून हसू नका.
- आरसा, चमचा, बॅटरी घेऊन दवाखाना-दवाखाना खेळा. आधी सांगा, मग दाखवा, मग करा. हात वर केला की थांबा.
- तुमची तपासणी असेल तेव्हा धाकट्यांना बरोबर न्या. तुम्ही निवांत बसलात की तेही बसतील.
- इंजेक्शननंतर ओठ दोन-तीन तास बधिर राहतो. लहान मुलं गमतीने तो चावतात आणि जखम करून घेतात. त्या वेळात पहारेकऱ्याचं काम तुमचं!

आई-बाबांसाठी

- दुखेपर्यंत थांबू नका. पहिला दात आला की, निदान पहिल्या वाढदिवसापर्यंत, एकदा दात दाखवून आणा. दुखत नसताना झालेली ओळखच दुखताना उपयोगी पडते. पुढे साधारण दर सहा महिन्यांनी तपासणी असू द्या.
- ‘त्रास दिलास तर डॉक्टरकडे नेईन’ ही धमकी घरातून हद्दपार करा.
- ‘दुखणार नाही’ असं वचन देऊ नका, आणि सुई, उपटणं, रक्त हे शब्दही आधीच काढू नका. विचारलं तर खरं आणि थोडक्यात सांगा. बाकीचं डॉक्टरांना सांगू द्या.
- खोटं सांगून नेऊ नका. एका दिवसाचं काम होतं, पण विश्वास जातो.
- तुम्हाला स्वतःला भीती वाटत असेल, तर बरोबर दुसऱ्या कुणाला तरी पाठवा. मुलं आपला चेहरा वाचतात.
- बक्षीस खाऊचं नको. चित्रांचं पुस्तक, टिकल्या, बागेत फेरी चालेल. आणि ते काम झाल्यावर द्या, लाच म्हणून आधी नको.
- सात-आठ वर्षांपर्यंत मुलांचे दात मोठ्यांनी घासून द्यावेत. रात्री झोपताना घासणं सगळ्यांत महत्त्वाचं. फ्लोराइडची पेस्ट तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांच्या मुलांना वाटाण्याएवढी पुरे.

मुलांचे दात हा वैद्यकातला वेगळा विषय आहे आणि त्याचे खास डॉक्टर असतात. त्यांची अखिल भारतीय संघटना १९७९ पासून काम करते. खर्चाची काळजी असेल, तर पिंपरीत संत तुकारामनगरला महापालिकेचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे, आणि तिथेच जवळ डॉ. डी. वाय. पाटील दंत महाविद्यालयही आहे. दंत महाविद्यालयांत शिकणारे डॉक्टर आपल्या शिक्षकांच्या देखरेखीखाली उपचार करतात, आणि तिथला खर्च खासगी दवाखान्यापेक्षा सहसा कमी असतो. २०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाड्या आणि सरकारी शाळांतल्या मुलांच्या तपासणीत दातही पाहिले जातात. शाळेतून चिठ्ठी आली तर ती दप्तराच्या तळाशी ठेवू नका! आणि क्रिकेटवेड्यांसाठी सांगते, २०२३ साली महाराष्ट्र सरकारच्या ‘स्वच्छ मुख अभियाना’साठी सदिच्छादूत झाले ते सचिन तेंडुलकर.

आता आज्जीची पाळी

गोष्ट इथेच संपली असती, पण छोटूच्या आज्जीचा एक दात कित्येक महिने हलत होता. आज्जीला मशेरीची सवय. हिरड्या सुजायच्या, रक्त यायचं, पण ‘आता या वयात कशाला’ म्हणून ती टाळायची. खरं कारण वेगळंच होतं. लहानपणी गावाकडे कुणीतरी तिचा दात पक्कडीने ओढून काढला होता. ती भीती साठ वर्षं तिच्या मनात बसून होती. तिला आजवर कुणी विचारलंच नव्हतं, ‘कशाची भीती वाटते?’

विचारलं ते छोटूने. आणि गेल्या महिन्यात आज्जी दवाखान्याची पायरी चढली. मशेरी सोडायचं डॉक्टरबाईंनी बजावलं, आणि आज्जीने प्रयत्न सुरू केलाय. खुर्चीत बसताना तिने छोटूचा हात धरला आणि हळूच विचारलं, ‘‘दुखंल का रं?’’

छोटू म्हणाला, ‘‘थोडंसं. दहा आकडे. आणि आज्जी, थांबवायचं असलं तर हा हात वर कर. त्या खरंच थांबतात.’’